दसऱ्याला बंद केलेलं मशीन

मोरूदादा, आधी कबुली देते, मग बाकीचं बोलते. मशीन बंद होतं. तू हॉस्पिटलमधून रोज सकाळी फोन करून "चालू हाय ना?" विचारायचास आणि मी "हो दादा, चालू आहे" म्हणायचे, ते खोटं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून तू गेलास त्याच्या आदल्या दिवसापर्यंत, अकरा दिवस, रोज एकदा मी तुझ्याशी खोटं बोलले. आज हे लिहितेय ते तू वाचणार नाहीस म्हणूनच लिहू शकतेय, इतकी मी भित्री.

तेराव्याला अंगणात जमलेली माणसं तुझ्याबद्दल काय काय बोलत होती ते ऐकलं असतंस तर उठून निघून गेला असतास. शांत स्वभावाचा होता म्हणे. शांत आणि तू! चहात साखर जास्त पडली तर कप तसाच मोरीत ओतणारा माणूस. चुलतभाऊ असून पहिल्या वर्षात तू मला तीनदा कामावरून काढलंस आणि तिन्ही वेळा संध्याकाळी आमच्या दारात येऊन आईला म्हणालास, उद्या जरा लवकर पाठव तिला. हे सगळं मला तिथे सांगता आलं असतं, चार माणसं हसली असती. पण मी पाणी वाढत राहिले. यांच्यापैकी कोणालाच माहीत नाही मी काय केलंय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आपलं डिझाइन ऑफिस म्हणजे लूमच्या शेडवरची एक खोली. खाली चोवीस लूम एकदम आपटायचे, त्यामुळे टेबलावरची पेन्सिलसुद्धा आपोआप सरकत जायची. शुक्रवारी लूम बंद असले की कान बधिर झाल्यासारखे वाटायचे. त्या खोलीत युनिक्स या जुन्या प्रणालीवर चालणारं तुझं ते मशीन, दोन जुने टर्मिनल आणि कर्कश आवाजाचा प्रिंटर. डॉबीच्या लूमवर कापडात चौकडी किंवा बुट्टी उतरते ती लाकडी पट्ट्यांत ठोकलेल्या खुंट्यांमुळे, आणि कुठल्या पट्टीच्या कुठल्या भोकात खुंटी ठोकायची हे सांगणारा कागद म्हणजे पेग प्लॅन. तू स्वतः तरुणपणी खुंट्या ठोकून अंगठा काळा करून घेतला होतास. म्हणून तू तो प्रोग्राम लिहिलास. लूमवाला येऊन नुसता नंबर सांगायचा, "सहाशे चौदा", आणि प्रिंटरमधून पेग प्लॅन बाहेर यायचा. हजाराच्या वर डिझाइनं होती त्यात. काही तू केलेली, काही तुझ्याआधीच्या मास्तरांची, ज्यांची नावंही आता कोणाला आठवत नाहीत.

आणि त्या प्रोग्रामचं मूळ लिखाण ज्या फ्लॉप्यांवर होतं त्यांना बुरशी लागली. राहिला तो फक्त तयार झालेला प्रोग्राम, जो चालवता येतो पण बदलता येत नाही, आणि चालतो तोही त्या एकाच युनिक्सवर. त्या युनिक्सचं विचारायलाही आता कोणी उरलं नव्हतं.

यावरून आपण किती भांडलो, दादा. माझं म्हणणं, सगळं विंडोजवर नव्याने लिहू. तुझं म्हणणं, नवं लिहायचं तर हजार डिझाइनं नव्याने भरणार कोण, तुझा बाप? एकदा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर तुला लिनक्स ही दुसरी प्रणाली सापडली आणि तिच्यात असं काही होतं की जुन्या युनिक्ससाठी बनवलेला प्रोग्राम लिनक्सवर जसाच्या तसा चालतो. मी म्हटलं, हे असलं जुगाड कशाला? तू खिडकीतून खाली बोट दाखवलंस. खाली मुकादम बिहारहून आलेल्या नव्या कारागिराला काहीतरी समजावत होता.

"तो मानूस आपली भाषा शिकेपर्यंत लूम बंद ठेवतो काय आपन? मधे मुकादम ठेवतो. तो इकडचं तिकडं सांगतो. हे तेच हाय, बाय."

मी तोंड वाकडं केलं. मला नवं काहीतरी करून दाखवायचं होतं, आणि तुझ्या त्या म्हाताऱ्या प्रोग्रामचा मुकादम होण्यात मला कमीपणा वाटत होता. तू एकट्याने दोन-चार रविवार खटपट केलीस, मग तुझे पाय सुजायला लागले, मग डायलिसिस सुरू झालं आणि ते राहून गेलं. मी तेव्हा मदत केली असती तर आज हा कागद लिहायची वेळ आली नसती. हे मी रोज स्वतःला सांगते. सांगून काही होत नाही.

दसऱ्याचं सांगते. दसऱ्याला लूमवाले लूम थांबवतात, वंगण पुसून ब्रशने कापसाची धूळ काढतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. खाली सगळी शेड तशी लखलखीत व्हायची. फक्त आपलं मशीन तू कधी बंद करू दिलं नाहीस. हार घालायचा तो चालू मशीनला. तुझा नियम होता. हे वर्षानुवर्षं फिरतंय, एकदा बसलं तर उठायचं नाही, असं तू म्हणायचास आणि मी ते तुझ्या इतर शंभर नियमांसारखं एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून द्यायचे.

या दसऱ्याला तू ठाण्याला हॉस्पिटलात होतास. मी ऑफिसात एकटी. मशीनच्या जाळीत कापसाची धूळ दाटून बसली होती, पंखा घरघर करत होता. मला वाटलं, दादा नाही तोवर याला एकदा आतून स्वच्छ करावं. खालच्या लूमला लोक एवढं न्हाऊमाखू घालतात, याने काय पाप केलंय? दादा परत येईल तेव्हा आवाज ऐकूनच खूश होईल. देवाशपथ, एवढंच मनात होतं. मी रीतसर मशीन बंद केलं, झाकण उघडलं, रंगाच्या ब्रशने सगळी धूळ झाडली, हळदकुंकू लावलं, हार घातला आणि बटण दाबलं. पंखा छान फिरला, अगदी गुळगुळीत. पण डिस्क फिरलीच नाही. टक टक केलं, थांबलं, परत टक टक केलं आणि गप्प झालं. मी जमिनीवर बसून राहिले. खाली शेडमध्ये आरती चालली होती.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. नेहमीसारखाच. चालू आहे का विचारलंस आणि मी हो म्हटलं. मग तू म्हणालास, "फोन मशीनजवळ धर बघू." आजारी पडल्यापासून तुझी ही सवयच झाली होती. वॉर्डात कंटाळा आला की तू मशीनचा आवाज ऐकायचास. कोपऱ्यात टेबलफॅन सुरू होता. मी फोन टेबलफॅनजवळ धरला.

तू बराच वेळ ऐकलंस. मग म्हणालास, "चालू हाय. बरं वाटलं." मी सुटले असं मला वाटलं. लगेच तू पुढे म्हणालास, "बाय, त्या लिनक्सवर टाकून बघ एकदा आपला प्रोग्राम. त्याची नक्कल असलेली टेप कपाटात हाय, वरच्या खणात. घाई न्हाय."

घाई नाही! ज्याच्याकडे सगळ्यात कमी दिवस उरले होते तो मला सांगत होता, घाई नाही.

त्या दिवसापासून मी वेड्यासारखी कामाला लागले. जुन्या मशीनमधून टेपचा ड्राइव्ह काढून तू लिनक्ससाठी आणून ठेवलेल्या नव्या मशीनला लावला, तुझी टेप वाचली. प्रोग्राम उतरला, डिझाइनं उतरली. तुझा स्वतःचा फोल्डर मात्र मी उतरवला नाही. तुझं पेटीतलं सामान तुझ्या माघारी उचकल्यासारखं वाटलं, आणि तू तर बरा होऊन येणार होतास. प्रोग्राम चालवला तर लिनक्स म्हणे, ही फाइल मला चालवता येत नाही. म्हणजे मुकादम जागेवर नव्हता. तो मासिकाच्या सीडीवर होता, पण तो बसवायला लिनक्सचा अर्धा गाभा नव्याने तयार करावा लागत होता. मी करत होते, चुकत होते, परत करत होते. पूर्वी हसत होते त्याच जुगाडाच्या पाया पडत होते. आणि रोज सकाळी तुझा फोन. रोज मी टेबलफॅनजवळ फोन धरायचे. मला एकच धावपळ होती, की तुझ्या कानावर खरी गोष्ट पडायच्या आत हे उठलं पाहिजे. खोटं बोलले ते खरं करून दाखवायचं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी मुकादम बसला. लिनक्सने प्रोग्राम ओळखला आणि पहिल्यांदाच वेगळी तक्रार केली, जुन्या युनिक्सची एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारी जोडफाइल, सापडत नाही म्हणून. तेवढ्यानेच मला रडू आलं. ती लायब्ररी टेपवर होती, नुसती जागेवर ठेवायची होती. मी घड्याळ बघत तुझ्या फोनची वाट पाहत राहिले. फोन आला तो वहिनीचा.

पुढचं मला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहायचं नाही. दिवाळी आपल्या आळीत आलीच नाही. मी सुतकातही रोज ऑफिसात जायचे. आई म्हणाली, कसल्या काळजाची आहेस, भाऊ गेला आणि कामाला जातेस. तिला काय सांगू?

लायब्ररी जागेवर ठेवली. आता प्रोग्राम तक्रार करत नव्हता, पण चालतही नव्हता. सुरू करायचा, एक क्षण पडदा काळा व्हायचा आणि परत बाहेर. ना चूक, ना अक्षर. मी सुरू करत गेले, तो मुकाट्याने निघून जात राहिला. दहा दिवस. तू असतास तर एका फोनवर सांगितलं असतंस, शिव्या देऊन का होईना. मी कितीदा तुझा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला ते मला माहीत.

लूमवाले रफीकभाई रोज यायचे. ते तुझ्या मातीलाही आले होते, मागे उभे राहून गेले. त्यांना सहाशे चौदा हवं होतं, एका जुन्या गिऱ्हाइकाने तोच माल परत मागितला होता. "सिर्फ नंबर याद है," ते म्हणाले, "कपड़ा तो कब का बिक गया." कापडाचा तुकडा असता तर भिंगाखाली धागे मोजून डिझाइन काढता आलं असतं. तो नव्हता. आणि त्यांच्यासारखे असे कितीतरी, ज्यांच्याकडे तुझे नुसते नंबर आहेत. दादा, तू गेलास ते गेलास, तुझी हजार डिझाइनं मी मारली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी हरले. ठरवलं, दारावर कागद लावायचा, डिझाइन ऑफिस बंद झालं आहे. तो टाइप करायला नव्या मशीनवर बसले आणि छापायला म्हणून आपला जुना प्रिंटर ओढून त्याला जोडला. पहिल्या दिवशीच मी नव्या मशीनला या प्रिंटरची ओळख करून ठेवली होती, पण वायर जोडली नव्हती. वायर जोडली, बटण दाबलं.

प्रिंटर आपणहून सुरू झाला. मी अजून काही छापायला सांगितलंच नव्हतं. इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ आली: मोरू नाही, काम बंद. मग तीच ओळ परत. परत. परत. कागद सरकत राहिला, मोरू नाही, काम बंद, मोरू नाही, काम बंद, चाळीसहून जास्त वेळा. मी हात मागे घेऊन भिंतीला टेकून उभी राहिले. खालच्या लूमचा आवाजही मला ऐकू येईनासा झाला.

मग हळूहळू डोकं चालायला लागलं. तुझी ती सवय! चूक झाली की तू ती पडद्यावर कधीच दाखवली नाहीस, कायम प्रिंटरवर पाठवायचास. पडद्यावरचं कोण वाचतो, लूमवाल्याचा विश्वास कागदावर, असं म्हणायचास. दहा दिवस मी प्रोग्राम सुरू केला तितक्या वेळा त्याने मला सरळ कारण सांगितलं होतं, आणि मी प्रिंटरच लावला नव्हता म्हणून ते सगळं आत साठून राहिलं होतं. आणि ते कारण म्हणजे तू घातलेलं कुलूप. डिझाइनं चोरून दुसऱ्या मशीनवर कोणी नेऊ नयेत म्हणून तू लिहून ठेवलं होतंस, की ज्या मशीनवर मोरू नावाचं खातं नाही तिथे हा प्रोग्राम उठणार नाही. चोरासाठी लावलेल्या कुलपात मी सापडले. तशी मी चोरच म्हणा.

म्हणजे एवढंच करायचं होतं, दादा. नव्या मशीनवर तुझ्या नावाचं खातं उघडायचं. रोज नव्या माणसाचं उघडतो तसं, दोन मिनिटांचं काम. मला तासभर लागला. मशीनने पूर्ण नाव विचारलं, ते मी लिहिलं. पासवर्ड विचारला, मी ठेवला. मग मशीनने विचारलं, सगळं बरोबर आहे ना? आदल्याच दिवशी आपण तुझं तेरावं घातलं होतं. मी हो म्हटलं.

तुझ्या नावाने आत गेले आणि प्रोग्राम सुरू केला. पडदा काळा झाला, आणि मग तुझी ती जुनी चौकट आली, वर ऑफिसचं नाव, खाली डिझाइन नंबर विचारणारी रेघ. काहीच बदललेलं नव्हतं. त्याला कळलंसुद्धा नव्हतं की खालची जमीन बदलली आहे. सहाशे चौदा टाकलं. प्रिंटर किंचाळत पेग प्लॅन छापू लागला, पट्टी एक, पट्टी दोन, पट्टी तीन. रफीकभाईंना खालून हाक मारली. त्यांनी कागद हातात घेतला, ओळीवरून बोट फिरवलं आणि तो डोळ्यांना लावला. मग जिना उतरून गेले.

मी वहिनीला फोन लावला. तुझाच फोन, तो आता तिच्याकडे असतो. तिने उचलला. मग मी नेहमीसारखा फोन मशीनजवळ धरला. या वेळी खऱ्याच मशीनजवळ. धरून ठेवला बराच वेळ. परत कानाला लावला तेव्हा वहिनी म्हणाली, "चालू झालं वाटतं."

मी म्हटलं, वहिनी, झालं म्हणजे? तुला कसं माहीत बंद होतं ते?

ती म्हणाली, "तेनी पयल्याच दिवशी सांगितलं ना मला. मशीनचा आवाज एका जागी असतो म्हनले, हा येतो नि जातो. बायचा पंखा मान हलवतोय. हसत व्हते."

मी विचारलं, मग मला काही बोलला का नाही तो? ओरडला का नाही?

वहिनी म्हणाली, "मी बी तेच इचारलं. तर म्हनले, आता ओरडलो तर ती परत कवा हात लावायची न्हाय मशीनला."

दादा, म्हणजे अकरा दिवस तू रोज फोन करून विचारत होतास, चालू हाय ना, आणि तुला माहीत होतं नाही ते. रोज एका टेबलफॅनचा आवाज ऐकून घेत होतास आणि बरं वाटलं म्हणत होतास. कपभर चहावरून घर डोक्यावर घेणारा माणूस, आणि जिथे ओरडायचा तुला हक्क होता तिथे गप्प बसलास. मी किती तयारी केली होती तुझ्या ओरडण्याची. मनातल्या मनात उत्तरंसुद्धा ठरवून ठेवली होती. आता ती उत्तरं कोणाला देऊ? चूक माझी, खोटं माझं, आणि शिक्षा मात्र तू घेऊन गेलास. हे मला झेपत नाहीये. तू माफ केलंस हे कळूनही झेपत नाही, खरं तर कळल्यापासून जास्तच.

ऑफिस चालू आहे. दारावर लावायचा कागद मी फाडला. ती चाळीस-बेचाळीस ओळींची गुंडाळी टेपच्या खणात ठेवली आहे. सकाळी येते, तुझ्या नावाने आत जाते, लूमवाले नंबर सांगतात, कागद निघतात. फोन वाजला की अजून दचकते. मशीन बंद करत नाही. पुढच्या दसऱ्याला हार चालू मशीनलाच घालीन, ब्रश दूर ठेवीन. पण दादा, माझा स्वभाव तुला माहीत आहे, मला धूळ बघवत नाही. आठवण करून द्यायला, दारातूनच ओरडायला, कोण येणार आहे?